कालव्यातली हाक

"विदू, जेवायला ये रे."

हाक मराठीत होती, आणि ती व्हेनिसच्या एका अरुंद कालव्यात, ओसाड घराच्या उघड्या दारातून आली होती. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस फिरायला आलेले विद्याधर आणि सुनेत्रा नावेत शेजारी बसले होते. विद्याधरला विदू म्हणणारी एकटी त्याची आई. ती मागच्या श्रावणात गेली, तेव्हा तो कामासाठी परदेशी होता. शेवटची भेटही झाली नव्हती.

"आलो गं," म्हणत तो उठला. नाव एका बाजूला कलली. त्या दाराच्या शेवाळलेल्या पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. त्याने एक पाय बाहेर टाकलासुद्धा. सुनेत्राने मागून त्याचा कोट दोन्ही हातांनी धरला आणि सगळा भार टाकून त्याला खाली ओढलं. घाबरलेल्या नावाड्याने वल्हं भिंतीला रेटून नाव पुढे काढली.

मोठ्या कालव्यात उजेड होता, माणसं होती. विद्याधर तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

"आईच होती. तूही ऐकलंस ना?"

"नाही. कोणी नव्हतं तिथे."

तिने त्याचा हात मात्र सोडला नाही. नाव वळेपर्यंत त्या दारातून हाक येतच होती, पण आता ती विदूसाठी नव्हती. सासूबाई तिला बोलवत होत्या. इतक्या मायेने त्यांनी जिवंतपणी तिला कधीच हाक मारली नव्हती, आणि ओठांवर आलेली ओ तिने कशीबशी गिळली होती.