वरचा बर्फ अजून कच्चा आहे

"बाबा, माझी मीटिंग चालू आहे," मंजूषा वरच्या खोलीतून म्हणाली, आणि जिन्यावरची धपधप थांबली.

अर्ध्या मिनिटात ती पुन्हा सुरू झाली. जयप्रकाश ऐकणाऱ्यातले नव्हतेच. पाठीवरच्या सॅकमध्ये दहा किलो तांदूळ, पायात डोंगरातले बूट, आणि उइटहॉर्नच्या त्या घराचा उभाच्या उभा जिना रोज चाळीस वेळा वर-खाली. हॉलंडात डोंगर नाही तर नाही, जिना तर आहे ना, असं त्यांचं म्हणणं.

वय एकोणसत्तर. विमानतळाच्या मालगोदामात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. बायको, नीलिमा, गेल्यावर बाडहूव्हडॉर्पला एकटेच राहायचे. मग हृदयात स्टेंट बसला, पाठोपाठ कोरोना आला, आणि ईशाननं बापाला उचलून स्वतःच्या घरी आणलं. तेव्हापासून मुलगा आणि सून त्यांना काचेच्या भांड्यासारखं जपत होते, आणि ह्याचाच त्यांना भयंकर वैताग होता.

ऑस्ट्रियातला तो तीन हजार मीटरचा डोंगर ते नीलिमाबरोबर अकरा वेळा चढले होते. बारावी खेप त्यांना सत्तरी लागायच्या आत करायची होती, म्हणजे येत्या जुलैच्या आत.

"त्यानंतर खुशाल खुर्चीत बसवा मला," ते म्हणायचे. "तोवर कुणाच्या बापाचं ऐकणार नाही."

"तुम्हीच बाप आहात," ईशान म्हणायचा आणि लॅपटॉप उघडायचा.

सुनेशी, मंजूषाशी, तेवढंही बोलणं नव्हतं. चहा ठेवलाय, गोळी घेतली का, मीटिंग आहे. मुलगी वाईट नव्हती, अबोल होती. सासरेही काही कमी अबोल नव्हते. एका छपराखाली दोघं दिवसभर असायची आणि संध्याकाळपर्यंत दहा वाक्यं होत नसत.

डोंगराच्या वाटेवर चढणाऱ्यांच्या मुक्कामाची एक हट, लाकडी झोपडी होती. तिथला जुना राखणदार निवृत्त झाला होता. नव्याचा ईमेल जयप्रकाशना काही केल्या सापडेना, तेव्हा डिसेंबरात त्यांनी सुनेला विचारलं. तिनं तासाभरात शोधून दिला. नव्या राखणदाराचं नाव अँटन. जयप्रकाशनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत वाटेची चौकशी केली आणि दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं.

अँटन माणूस चोख होता. जानेवारीत त्यानं कळवलं, कमरेएवढा बर्फ आहे, खालचा थर भुसभुशीत, पाय पडला की अख्खा उतार घसरेल. फेब्रुवारीत वाऱ्यानं कड्यावर बर्फाची छपरं धरली होती. एप्रिलमध्ये पहाटे बर्फ टणक, बुटांना क्रॅम्पॉनचे खिळे लावून चालण्याजोगा, पण दहानंतर ऊन लागलं की मांडीपर्यंत रुतायला होतं. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच गोष्ट: वरचा बर्फ अजून कच्चा आहे, घाई करू नये.

"काय म्हणतो अँटन?" मंजूषा कधीमधी विचारायची.

"नको म्हणतो."

"मग ऐका की त्याचं."

मार्चनंतर पत्रं लांबत गेली. अँटननं लिहिलं की त्याची आई फार दूर असते, दीड वर्षात भेट नाही, फोन वाजला की उचलायची भीती वाटते. जयप्रकाश त्या दिवशी जिना चढले नाहीत. बसून त्यांनी नीलिमाच्या शेवटच्या महिन्यांबद्दल दोन पानं लिहिली. ईशानलाही कधी सांगितलं नव्हतं ते सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, भीती वाटली तरी फोन उचलत जा.

मे उजाडला, दोन्ही लशी झाल्या, सीमा उघडल्या. जयप्रकाशनी जूनचं तिकीट काढलं. अँटनचं लगेच पत्र आलं: घळीत अजून बर्फ आहे, कड्यावर धरून चढायचे लोखंडी दोर तुटलेत. पुढच्या आठवड्यात आणखी एक आलं: ओढ्यावरचा पूलच वाहून गेला.

"संपलं," ईशान म्हणाला. "पूल नाही म्हणजे विषय संपला."

"ओढा ओलांडता येतो," जयप्रकाश म्हणाले.

निघायच्या सकाळी ईशान रागानं सायकल काढून बाहेर निघून गेला. मंजूषा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून होती, बरोबर दारासमोर. सॅक तिनं मांडीवर घेऊन ठेवली होती.

"तो माणूस तिथे राहतो, बाबा. सहा महिने तुम्हाला कळवळून सांगतोय. तुम्हाला काही झालं तर?"

"झालं तर झालं. इथे जिन्यात होण्यापेक्षा बरं." जयप्रकाश खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत होते. "काल मी डोंगराखालच्या गावात फोन केला होता. पूल जागेवर आहे म्हणे. दोरही आहेत."

मंजूषानं मांडीवरची सॅक जवळ ओढली.

"तीसेक पत्रं लिहिली त्यानं मला. मायेनं लिहिली, खोटं कशाला बोलू. पण एकदाही नाव घेऊन हाक मारली नाही. या मुलखात दातांची डॉक्टर मला जयप्रकाश म्हणते. दुकानातली पोरगी जयप्रकाश म्हणते. ह्या एकट्यालाच कसला संकोच, कळेना. जानेवारीतच मला चुकल्यासारखं वाटलं होतं."

"मग तुम्ही..." तिनं मान वर केली. "मग सहा महिने उत्तरं कशाला देत बसलात?"

"दुसरं कोण बोलत होतं माझ्याशी?"

त्यांनी तिच्या मांडीवरची सॅक हलकेच उचलून पाठीवर घेतली, पट्टे आवळले आणि दार उघडलं.

"तिथे पोचलो की मी लिहीन वाट कशी आहे ते," जयप्रकाश म्हणाले. "तू मराठीत उत्तर दिलंस तरी चालेल."