बेसिन तुंबलं

मुखरू मिस्त्रीनं आमच्या न्हाणीतल्या बेसिनचा पाइप तीनदा वाकवून बाहेर काढला होता, म्हणून पाणी तुंबलं की शिव्या त्यालेच. आज त्याले धरून आणलं. त्यानं पाइप खोलला तर आतून खर्र्याच्या तंबाखू-सुपारीचा लगदा निघाला.

"बाई, तुमच्या घरी खर्रा कोन खाते?" आपल्या गालातला खर्रा सांभाळत तो म्हणाला.

"जीभ आवर. आमचे मालक तोंडाच्या कॅन्सरनं गेले, तवापासून या घरात सुपारीचं खांड येत नाई."

पण लगदा ताजा होता, अन घरात आम्ही तिघीच. मी, सून रंजीता अन नववीतली नात मयुरी. खर्रा खाणाऱ्याचं तोंड आवळत जाते. चांगल्या तोंडात तीन बोटं उभी जातात, हे मले मालकाच्या डॉक्टरनं शिकवलं होतं.

"आ कर," मी सुनेले म्हटलं. तिन्ही बोटं गेली.

"आता तुमचं दाखवा," ती फणकारली. माझ्याही तोंडात तिन्ही गेली.

मयुरीचा जबडा मीच धरला.



एकच बोट गेलं.