सावली न पडणारं टेबल

नव्या वाचनालयाच्या दिव्यांची सगळी आखणी तिची होती. आज तिचा आनंद पोटात मावत नव्हता. ग्रंथपाल तपासायला येणार होते. वाचणाऱ्याची सावली टेबलावर पडली नाही, तर पुढच्या वाचनालयाचं कामही तिचंच!

तिने पुस्तक उघडून वर हात धरला. पान लख्ख.

"वन्सं, बघा तरी!"

"सावलीच पळवलीत की, वहिनी!" नणंदेने तिचे दोन्ही हात धरून गिरकी घेतली.

तेवढ्यात पहिल्या ओळीखाली बोटाएवढी सावली उमटली.

"वन्सं, बोट काढा हो."

"अहो, माझे हात तुमच्याच हातात आहेत."

सावली शब्दाशब्दाखालून सरकत होती. ओळ संपली की खालच्या ओळीवर येत होती. एका अवघड शब्दापाशी ती जराशी रेंगाळलीसुद्धा.

दार वाजलं. तिने झटकन सावलीवर तळहात ठेवला.

ग्रंथपालांनी चष्मा सावरून टेबल न्याहाळलं. "वा, बाई! सावलीचं नाव नाही. पुढचं काम तुमचंच."

नणंदेने टाळ्या पिटल्या. वहिनीने हसतच पानावरचा हात उचलला. पान स्वच्छ होतं.

सावली तळहातावर होती, आणि पहिल्या रेषेपासून सावकाश वाचत निघाली होती.