मास्तरांच्या मापाची सीट

सीट अजून दोन बोटं मागे हवी होती. मास्तरांनी खालचा दांडा ओढला आणि टाचा रोवून रेटा दिला. सीट गेली ती चांगली चार बोटं मागे.

"झालं!" ते स्वतःवरच करवादले आणि पुन्हा पुढे सरकले.

मास्तरांनी उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात घालवला होता. अर्धं शहर त्यांच्या हाताखालून गेलेलं. शिकाऊ माणसाने बसल्याबसल्या किल्लीला हात घातला, की ते हातावर चापट मारायचे. "आधी बूड, मग किल्ली!" क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला हवा. पाठ न सुटता मनगट स्टीअरिंगच्या माथ्यावर टेकायला हवं. माणूस कसा बसतो यावरून तो कशी गाडी चालवेल हे ते सांगायचे, आणि त्यांचं सहसा चुकायचं नाही.

आज मात्र त्यांना स्वतःचीच बैठक सापडत नव्हती. डॉक्टरांनी गाडीला हात लावायची बंदी घातली होती, कारण मधुमेहाची सुई घेतल्यावर कधीकधी त्यांची साखर एकदम उतरायची आणि मग त्यांना कशाचं भान राहायचं नाही. कालच दुपारी तसं झालं होतं. भानावर आले तेव्हा ते सोफ्यावर होते आणि चिमणी चमच्याने त्यांना साखरपाणी पाजत होती. डावा गुडघा तेव्हापासून ठणकत होता. सोफ्यावरून पडलो असू, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला होता.

चिमणी म्हणजे त्यांची मुलगी. मास्तर ताडमाड, ती जेमतेम त्यांच्या खांद्याखाली. लहानपणी उशीवर बसवून त्यांनीच तिला गाडी शिकवली होती. सोमवारी ती इस्पितळात रुग्णवाहिकेची ड्रायव्हर म्हणून रुजू होणार होती. ही बातमी मास्तरांनी भाजीवाल्यालाही दोनदा सांगितली होती.

सकाळी शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "कळलं का? काल दुपारी कोपऱ्यावर कोणीतरी पोस्टमनच्या सायकलला ठोकलं. पाय मोडला बिचाऱ्याचा. निळी गाडी होती म्हणे. थांबलीसुद्धा नाही."

त्यांचीही गाडी निळीच; मास्तर तसेच गॅरेजात गेले. डावा दिवा फुटला होता, बंपर आत गेला होता. त्यांनी दार उघडलं. सीट पार स्टीअरिंगला भिडलेली, आरसा खाली कललेला. अशी बैठक या घरात एकाच माणसाची होती. काल दुपारी ती औषधं आणायला गेली होती, आणि आज सकाळी चहाही न घेता बाहेर पडली होती.

त्यांनी फोन लावला.

"चिमणे, गाडीला काय झालंय?"

ती पलीकडून म्हणाली, "बाबा, मी घरीच येतेय. बरोबर पोलीस असतील. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. काल दुपारभर तुम्ही झोपला होतात, एवढंच लक्षात ठेवा."

मास्तरांना काय समजायचं ते समजलं. पोरीने धडक मारली, घाबरून पळाली आणि आता कबूल करायला निघाली होती. तिच्यावर केस झाली तर रुग्णवाहिका गेलीच, पुढे कोणी हातगाडीही चालवायला देणार नव्हतं. त्यांचं काय, पिकलं पान! ते लगबगीने गाडीत बसले होते ते यासाठी.

आता पाठ टेकली, मनगट बसलं. गुडघा दुखला, पण वाकला. त्यांनी आरसा वर केला आणि ते खाली उतरले, तेवढ्यात फाटक वाजलं.

इन्स्पेक्टर त्यांच्याच हाताखाली गाडी शिकलेला निघाला. तो अवघडून म्हणाला, "मास्तर, ताईंनी जबाब दिलाय. गाडी त्या चालवत होत्या."

"खोटं बोलते ती. गाडी मी चालवत होतो."

"बाबा!" चिमणी किंचाळली.

"तू गप्प बस. साहेब, मी तुम्हाला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं?"

"आधी बूड," इन्स्पेक्टर नकळत म्हणाला आणि ओशाळला.

"मग बसवा हिला इथे. पाय पोचतात का बघा."

चिमणीने मान हलवून नकार दिला, पण इन्स्पेक्टरने दार धरून ठेवलं. ती बसली. तिचा पाय क्लचच्या अलीकडेच लोंबकळत राहिला. इन्स्पेक्टर खाली वाकून बघत राहिला.

"कालपासून गाडीत कोणी बसलं होतं?"

"कोणी नाही," मास्तर ठणकावून म्हणाले.

"मग तुम्हाला यावं लागेल, मास्तर." एवढं बोलून तो फोन करायला फाटकाबाहेर गेला.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. सकाळपासूनची तगमग कुठल्या कुठे गेली. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "रडतेस काय वेडे? सोमवारी वेळेवर जा."

चिमणीने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"सीट कशाला हलवलीत, बाबा?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "काल मी औषधं घेऊन चालत घरी आले, तेव्हा तुम्ही इथेच स्टीअरिंगवर डोकं टेकून बसला होतात. तुम्हाला आत नेऊन निजवलं, आणि मगच मी ही सीट पुढे ओढली."