मुर्मान्स्कची दोन तिकिटं

“माझा पासपोर्ट कुणी हलवला?” प्रोखोरने कपाटात डोकं खुपसूनच विचारलं.

तैसिया वाटेत खायला सारण भरलेल्या पिरोश्की डब्यात भरत होती. काहीतरी थाप मारायचं तिने ठरवलं होतं, पण ऐन वेळी जीभ वळली नाही. “मी. तिकिटाला लागतो ना.”

“मुर्मान्स्कची दोन तिकिटं काढलीस?”

“दोन्ही खालचे बर्थ. तुझे गुडघे दुखतात.”

“एक परत कर. त्या दर्यावर्द्याच्या दारात मी पाऊल ठेवणार नाही.”

दर्यावर्दी म्हणजे त्यांचाच मुलगा ग्लेब. बापाने खटपट करून मिळवून दिलेली कागद गिरणीतली नोकरी त्याने नऊ वर्षांपूर्वी सोडली आणि मासेमारीच्या जहाजावर गेला. ‘पुन्हा या घराचा उंबरा चढू नकोस,’ असं प्रोखोर म्हणाला. पोरगाही त्याचाच; चढला नाही. आता त्याचं जहाज मुर्मान्स्क बंदरात चार दिवस थांबणार होतं, नंतर सात महिने समुद्रावर. प्रोखोरच्या छातीबद्दल डॉक्टर जे बोलले होते, ते ऐकल्यापासून सात महिन्यांचा हिशेब तैसियाला करवत नव्हता.

“नाही परत करत. रिकामा बर्थ घेऊन जाईन.”

“जा. झोपव त्यावर तुझ्या बरण्या!”

दुपारभर तैसिया सामान बांधत राहिली. ग्लेबला आवडणाऱ्या खारवलेल्या अळंब्यांची बरणी तिने टॉवेलात गुंडाळली. माणूस निघाल्यावर घर पुसू नये, म्हणून फरशी आधीच पुसून घेतली. त्या फरशीवर बूट घालून यायची चाळीस वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती. प्रोखोरसुद्धा दाराशीच बूट काढून सपाता चढवायचा.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. तैसिया कोट घालून बॅगेवर टेकली. निघण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं, जाणाऱ्यानेही आणि मागे राहणाऱ्यानेही.

“बस की रे. निदान रिवाज म्हणून तरी.”

प्रोखोर बाहेरच्या दाराकडे निघून गेला. तेवढंही त्याच्याने होईना! नऊ वर्षं बापलेकांच्या मधे उभी राहून ती दमली होती. तिने डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने समोर स्टूल सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी धापा टाकत बसलं. म्हणजे निरोप द्यायला तरी आला.

पुन्हा हॉर्न वाजला. तिने डोळे उघडले, पण त्याच्या तोंडाकडे बघायचा धीर होईना. नजर खालीच राहिली.

तिच्या पुसलेल्या फरशीवर प्रोखोर बूट घालून बसला होता, नाड्या घट्ट बांधून.