टाळ कुठे गेले

भार्गव मास्तरांनी घरी बनवलेल्या स्पीकरला कान लावला. जाड आवाज खोक्यातल्या मोठ्या स्पीकरकडे आणि बारीक आवाज छोट्याकडे पाठवणारं हे त्यांचं चौथं क्रॉसओव्हर. आधीची तीन त्यांनी स्वतःच नापास केली होती. चाळीस वर्षं ऐकलेलं भजन लावलं आणि त्यांना वाटलं, जमलं.

"टाळ कुठे गेले हो?" भाजी निवडता निवडता बायकोने विचारलं.

"वाजतायत की. स्वच्छ."

"तुमच्या डोक्यात."

त्यांनी खोका उघडला. छोट्या स्पीकरची वायर जोडायचीच राहिली होती. टाळ ते आठवणीतून ऐकत होते.

मास्तरांनी वायर जोडली, माळ्यावरची तिन्ही नापास क्रॉसओव्हर खाली काढली आणि स्पीकरसमोर खुर्ची ओढली.

"भाजी इथे बसून निवड," ते म्हणाले. "चारही पेपर पुन्हा तपासायचेत. तुझ्या कानांनी."