बायकोची स्तुती

एम.ए.ला लागलेल्या कादंबरीतला निवेदक बायकोला मारून टाकतो आणि ती माहेरी गेल्याचं गोड गोड सांगत राहतो. इंदिरानगरात घरीच शिकवणी घेणारे भामरे सर शुभांगीला म्हणायचे, "ती होती तोवर तिला घालूनपाडून बोलायचा. स्तुती सुरू झाली, की काय ते समजायचं."

आज चहा सरांनीच आणला.

"संजना विंचूरला गेलीय, माहेरी. तिच्या हातची चव याला कुठली? हिरा आहे हिरा, माझी बायको!"

परवापर्यंत सर तिला शुभांगीदेखत बिनडोक म्हणत होते.

तेवढ्यात बांगड्या किणकिणल्या. शुभांगी बसली होती, त्याच दिवाणाच्या आतून.

ती उठायला गेली.

"बस गं," सर मायेनं म्हणाले. "पुढचं पान वाच. मोठ्यानं."